वाळवी लागली का वह्यांना?

सुभेदार एलिशा मोहिते मला कधीच आवडला नाही, आणि तो गेल्यावरही आवडायला लागलेला नाही. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. त्याच्या अंत्यविधीला आमच्या चर्चमध्ये सहा जण त्याच्याबद्दल चांगलं बोलले. त्यांतल्या पाच जणांशी त्याचं हयातीत हाडवैर होतं आणि सहावा पुण्याहून आलेला पाहुणा होता. मी बोललो नाही. तोंडावर मी त्याला नेहमी अहो-जाहो करत आलो. इथे मनातलं लिहायचं आहे, तेव्हा अरे-तुरेच बरं.

आमचं चर्च रत्नागिरीत चढावर आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, पुढे फरसबंदी ओटा. मंडळी जेमतेम साठ घरांची. रविवारची उपासना साडेनऊला सुरू होते आणि सव्वानऊपासून सुभेदार दारात उभा असायचा. त्याला तिथे कोणी नेमलेलं नव्हतं. पलटणीतून निवृत्त होऊन आला आणि दुसऱ्याच रविवारी दारात उभा राहिला, तो पुढली तीस वर्षं. उंच, सडसडीत, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला फिरवलेलं. साडेनऊवर एक मिनिट झालं की तो दार लोटून घ्यायचा. उशिरा येणाऱ्याने पहिली प्रार्थना संपेपर्यंत ओट्यावर उभं राहायचं. मुंबईहून आलेली माझी सून कडेवर तीन महिन्यांचं पोर घेऊन अशी उन्हात उभी राहिली होती. ती बिचारी म्हणाली, "माफ करा, बाळ झोपलं होतं."

सुभेदार म्हणाला, "माफी आत मिळते, दारात नाय."

हे त्याचं आवडतं वाक्य. वर्षाला पन्नास वेळा तरी आम्ही ते ऐकलं असेल. माझी बायको त्यानंतर वर्षभर त्याच्याशी बोलली नाही. तिच्या दुःखाची गोष्ट अशी की हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

आम्ही चपला बाहेर काढून आत जातो. सगळे आत गेले की सुभेदार वाकून एकेक चप्पल फिरवायचा. सगळ्यांची तोंडं बाहेर, टाचा एका रेषेत, बायकांच्या उजवीकडे, पुरुषांच्या डावीकडे. का, असं एकदा विचारलं तर म्हणाला, "आत जाताना देवाकडे तोंड, भायर पडताना दुनियेकडे. आग लागली तर काय चपला हुडकत बसणार?" तीस वर्षांत आग लागली नाही. ऐंशीच्या पुढे गेल्यावर त्याला वाकलं की उठता येईना, तरी भिंतीला हात लावून उठायचा, पण चपला फिरवल्याशिवाय आत यायचा नाही.

मी मंडळीचा सेक्रेटरी. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळल्यावर हे काम माझ्याकडे चालत आलं. सुभेदाराने मला कधी नावाने हाक मारली नाही. "सेक्रेटरी" म्हणायचा, आणि ते असं म्हणायचा की ऐकणाऱ्याला ती शिवी वाटावी. "सेक्रेटरी, बंदुकीचा आवाज तरी येतो. तुझी वही गपचूप माणूस मारते," हे तो मला चारचौघांत सांगायचा आणि लोक हसायचे. माझी पेन्सिल, माझं टक्कल, माझं कानामागे पेन्सिल खोवणं, सगळ्यावर त्याचं भाष्य असे. पाळकांचाही मुलाहिजा नव्हता. उपदेश पंचवीस मिनिटांच्या वर गेला की शेवटच्या बाकावरून घड्याळाच्या काचेवर नखाने टकटक सुरू. आधीचे एक पाळक तर त्या टकटकीने मध्येच 'आमेन' म्हणून मोकळे होत.

आणखी दोन गोष्टी त्याच्यात होत्या. मी त्या शेजारी बसून पाहिल्या, कारण हजेरी मांडायला मी शेवटच्या बाकावर बसतो आणि दार लावून तोही तिथेच येऊन बसायचा. एक म्हणजे तो गात नसे. सगळी मंडळी उभी राहून गीत गायची, हा पुस्तक उघडून ताठ उभा, ओठ शिवलेले. दुसरी गोष्ट प्रभुभोजनाची. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाच्या इवल्याशा पेल्यांची ताटली बाकाबाकांवरून हातोहात पुढे जाते. ती त्याच्याकडे आली की तो दोन्ही हातांनी घ्यायचा आणि तशीच माझ्याकडे द्यायचा. कधी तुकडा उचलला नाही, कधी पेला लावला नाही. आम्ही म्हणायचो, गर्व. आमच्या हातचं खावं एवढी आमची लायकी नाही, असं त्याला वाटत असणार.

पाऊस सरला, ऑक्टोबरचं ऊन पडलं की मी चर्चचं कपाट उघडतो. जुनी इतिवृत्तं, बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या वह्या ओट्यावर उन्हात घालतो, कडुनिंबाचा पाला आणि कापूर बदलतो. त्या दिवशी सुभेदार हमखास हजर.

"वाळवी लागली का वह्यांना?"

"नाही."

"नीट बघ. खालच्या कप्प्यातल्या. जुन्या."

"अहो, माझ्या हाताखालच्या एका कागदाला कधी कसर लागलेली नाही, सुभेदार."

"हां," म्हणायचा, आणि निघून जायचा. मला वाटायचं, चला, एका बाबतीत तरी आपण त्याच्या तपासणीत पास झालो. दरवर्षी मला त्याचा अभिमान वाटायचा. आता लाज वाटते, पण तेही पुढे येईल.

या माणसाला जगात एकच घर होतं. बायको लवकर वारली, मुलगा मुंबईला, तो गणपतीच्या सुट्टीतही फिरकत नसे. पूर्वी रजेवर आला की, आणि निवृत्तीनंतर दर शनिवारी सकाळी, सुभेदार मिरकरवाड्याला जाऊन मासळी घ्यायचा आणि कापडी पिशवी हातात धरून भाट्याच्या पुलावरून चालत मार्थाबाईंकडे जेवायला जायचा. मार्थाबाई म्हणजे सिव्हिल हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या नर्स, अविवाहित, जिभेच्या तिखट. एकदा मी नारळाची रोपं आणायला भाट्याला गेलो होतो, तेव्हा त्यांच्या पडवीत मला जे दिसलं ते कोणाला सांगून पटलं नसतं. सुभेदार विळीवर बसून नारळ खवत होता आणि मार्थाबाई त्याच्या डोक्यावर उभ्या होत्या.

"एलिशा, पांढरं पांढरं खव. करवंटी खरवडतोस कशाला? डोळे फुटले काय तुझे?"

"होय, मार्था."

"आणि मीठ विसरलास ना आणायला?"

"होय, मार्था. जातो."

आमच्या सबंध मंडळीला ओट्यावर उभा करणारा माणूस मीठ आणायला निघाला होता आणि चेहऱ्यावर हसू होतं. मी झाडाआड झालो. त्याने मला पाहिलं असतं तर जन्मभर सूड घेतला असता.

या मार्थाबाई आमच्या चर्चची पायरी चढत नसत, आणि त्याला कारण होतं. त्यांचा धाकटा भाऊ दानिएल, सगळे त्याला दाने म्हणत, सुभेदाराच्याच पलटणीत होता. दोघं एकाच वर्षी भरती झाले, दोघं लान्सनायक. दाने गायचा. लहानपणी त्याच्या गाण्यासाठी इतर धर्मांची माणसं नाताळला आमच्या ओट्यावर येऊन बसायची, असं माझी आई सांगे. पलटणीत देवळाची परेड असते, सगळे जवान जातात. तिथे एकदा दानेने तबक हातात घेऊन आरती म्हटली. ही बातमी आमच्या पंचांपर्यंत, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांपर्यंत आली. त्या काळचे पंच म्हणजे दगडाला पाझर फुटेल पण त्यांना नाही. त्यांनी ठराव करून दानेला मंडळीच्या शिस्तीखाली ठेवलं, म्हणजे पश्चात्ताप जाहीर करीपर्यंत प्रभुभोजन बंद. दाने रजेवर आला, सगळ्यांसमोर ताटली त्याच्या पुढून उचलून नेली गेली. तो रजा अर्धी टाकून परत गेला. त्याच हिवाळ्यात बर्फातल्या चौकीवर कडा कोसळला, त्यात तो गेला. शव मिळालं नाही. त्याच्या आईने स्मरणाची उपासना मागितली, तर पंच म्हणाले, शिस्तीखालच्या माणसाची उपासना होत नाही. मार्थाबाईंनी त्या दिवसापासून चर्च सोडलं. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. बातमी पंचांपर्यंत कोणी आणली, तेवढं कोणाला ठाऊक नव्हतं. जे पंच त्या सभेला होते ते सगळे दफनभूमीत आहेत.

चार-पाच वर्षांपूर्वी नवे पाळक आले. नगरकडचे, तरुण, उत्साही. त्यांनी येताच सैनिक रविवार सुरू केला. मंडळीतल्या माजी सैनिकांना पुढे बोलवायचं, त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, शाल द्यायची, मग ओट्यावर चहा-केक. चांगली कल्पना होती. आमच्यातले हयात सैनिक चार, त्यांतले तीन आनंदाने शाल घेऊन बसले. सुभेदार पदकं लावून पुढे गेला, कडक सॅल्यूट केला, शाल घेतली, घडी मोडूही दिली नाही, आणि पाळकांच्या हातात परत ठेवली.

"हजेरी पुरी नाय," म्हणाला, आणि मागे वळला.

पाळक गोंधळले. मी सांगितलं, त्याचा स्वभावच तो. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी मी नवी शाल आणलीच नाही. परत येणारच आहे, तर कपाटातलीच काढली, डांबराच्या गोळीच्या वासासकट. चौथ्या वर्षी तिला कसरीने एक भोक पाडलेलं होतं. वह्यांना जपणारा मी, शालीला जपलं नाही. सुभेदाराने ती हातात घेतली, भोक पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भोक आत जाईल अशी घडी घालून परत दिली. ती घडी मला त्याच्या बोलण्याहून जास्त झोंबली.

मग पाळकांच्या मनात फलक आला. देशासाठी प्राण दिलेल्या आमच्या मंडळीतल्या सैनिकांची नावं संगमरवरावर कोरून आतल्या भिंतीला लावायची. मी यादी केली, पाच नावं निघाली. वार्षिक सभेत ती वाचली आणि सुभेदार उभा राहिला.

"सहावं लिव. दानिएल."

भास्करराव पंच म्हणाले, "सुभेदार, त्याच्यावर शिस्तीचा ठराव आहे. तो कधी उठवलेला नाही."

"मग आज उठवा. हात वर करा, झालं."

"असं कसं?" मी म्हणालो. "मूळ ठराव पाहावा लागेल. कोणी आणला, काय कारण, नियम काय."

"वही न उघडता करायचं."

"वही उघडल्याशिवाय काही होत नसतं."

"वाळवीने खाल्लं असेल ते पान."

"माझ्या कपाटात वाळवी नसते," मी म्हणालो, आणि हे मी मोठ्या ताठ्याने म्हणालो.

मग तो माझ्यावर घसरला. सगळ्या मंडळीसमोर, बायकापोरांसमोर. दाने बर्फाखाली गुदमरत होता तेव्हा मी कुठे होतो, पेन्सिलीला टोक करत होतो. माझ्यासारख्यांना नाव खोडायला सांगा, लिहायला सांगू नका. माझा बाप मास्तर होता तो बरा, पोटी कारकून आला. बापाचं नाव घेतलं तेव्हा मी ताडकन उठलो. पाळकांनी सभा एक आठवडा तहकूब केली.

मी घरी गेलो नाही. चर्चचं कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यातली वही काढली. कापराने आणि कडुनिंबाने जपलेलं, एका अक्षराला धक्का न लागलेलं पान. ठराव होता, कारण होतं, आणि त्याच्याखाली एक ओळ होती: तक्रार आणणारे, लान्सनायक एलिशा मोहिते, रजेवर आलेले.

मी पाळकांना खासगीत सांगू शकलो असतो. त्यालाच बाजूला घेऊन म्हणू शकलो असतो, सुभेदार, हे असं आहे, काय करू या? पूर्ण आठ दिवस होते माझ्याकडे. ते आठ दिवस मी ती ओळ लिमलेटच्या गोळीसारखी तोंडात घोळवली. मार्थाबाईंचं घर, शनिवार, मासळीची पिशवी, सगळं मला आठवत होतं. ते आठवत असतानाच मी ठरवलं की हे सभेत वाचायचं.

आणि वाचलं. शेवटची ओळ सावकाश, शब्द सुटे करून. सुभेदार उभा राहिला. मला वाटलं आता ओरडेल, नाकारेल, वही खोटी म्हणेल.

"परत वाच," तो म्हणाला. "मागच्यांना आयकू नाय गेलं."

मी परत वाचलं.

"बरोबर लिवलंय," सुभेदार म्हणाला. "पण अर्धं लिवलंय, कारण मी अर्धंच सांगितलं होतं. पलटणीचा धर्मगुरू आजारी पडला. साहेबांनी इचारलं, गाणारा कोण? सगळ्यांनी दानेला पुढं केला. तो हुकूम होता. हुकूम होता, ते मी हितं सांगितलं नाय. आणि हे मी धर्मासाठी पण नाय केलं. दाने गायचा, साहेब खूश व्हायचे. नाईकची फीत त्याला माझ्याआधी लागणार असं लोक बोलत होते. माझं पोट दुखलं. एवढंच. बाकी सगळं मागनं लावलेलं."

तो माझ्याकडे वळला.

"तक्रार मी आणली. मी मागं घेतो. लिव, सेक्रेटरी."

यावर आमच्या पंचांनी काय करावं? वाद घातला. आमची माणसं ती आमची माणसं. ज्याच्यावर तक्रार तो मेल्यावर तक्रार मागे घेता येते काय, यावर अर्धा तास चर्चा झाली. भास्करराव म्हणाले, येत नाही. दुसरे म्हणाले, मग पुनरुत्थानापर्यंत थांबायचं काय? शेवटी सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण नियमांचं पुस्तक माझ्या पिशवीत. मी ते काढलं. तक्रार आणणाऱ्यास ती भर सभेत केव्हाही मागे घेता येईल, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. आरोपी जिवंत असावा असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. मी ते वाचलं आणि ठराव उठला. दानिएलचं नाव फलकावर जाणार हे ठरलं.

पाळकांना राहवलं नाही. ते म्हणाले, "सुभेदार, हे इतकं सोपं होतं, तर इतकी वर्षं का थांबलात तुम्ही?"

सुभेदार म्हणाला, "दर शनिवारी जेवायला जायचो ना."

तेव्हा मला कळलं की तो दर ऑक्टोबरला वह्यांची चौकशी का करायचा. तो तपासणीला येतच नव्हता. तो वाळवीची वाट पाहत होता. पदक मिळवलेला माणूस पन्नास वर्षं एका वहीला घाबरून राहिला, आणि मी त्या वहीला कापूर घालत राहिलो. मार्थाबाईंना त्याने शब्द दिला होता, असं मागाहून कळलं, की दानेचं नाव लावून दाखवतो. पान न उघडता ते झालं असतं तर नावही लागलं असतं आणि शनिवारही राहिले असते. शूर माणसं भित्री असतात तेव्हा आपल्यासारख्यांपेक्षा जास्त भित्री असतात, असं माझं मत झालं. त्याची कीव आली का? थोडी आली. पण माझ्या बापाचं नाव घेतलेलंही मी विसरलो नव्हतो.

त्या शनिवारी मी भाट्याच्या पुलावर जाऊन उभा राहिलो. सहज गेलो होतो असं घरी सांगितलं, पण मुद्दाम गेलो होतो. सुभेदार पिशवी घेऊन नेहमीच्या वेळेला आला, माझ्याकडे न बघता पुढे गेला. बातमी त्याच्या आधी पूल ओलांडून पोचलेली होती. तो जितक्या वेळात परत आला तितक्या वेळात फार तर दार वाजवता येतं. पिशवी तशीच भरलेली होती. माझ्यापाशी थांबला.

"सेक्रेटरी, पापलेट हायत. ताजे. घेऊन जा."

"नको."

"घे. माझ्याकडं करणारं कोण नाय."

मी पिशवी घेतली. बायकोने कालवण केलं. मी जेवलो, आणि कालवण उत्तम झालं होतं. खोटं कशाला सांगू.

फलकाचं अनावरण ठेवलं ते सैनिक रविवारीच, आणि नेमका तो महिन्याचा पहिला रविवार होता. पाळक स्वतः दोनदा भाट्याला जाऊन आले, आणि मार्थाबाई आल्या. पांढरी साडी, हातात छत्री, केस सगळे पिकलेले. साडेनऊ वाजून सात मिनिटं होऊन गेली होती. सुभेदाराने दार लोटलेलं नव्हतं. त्या त्याच्या अंगावरून सरळ आत गेल्या आणि बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर बसल्या.

पडदा बाजूला झाला. सहावं नाव: लान्सनायक दानिएल. पाळकांनी शालीसाठी सुभेदाराला बोलावलं. या वेळी मी नवी आणली होती. सुभेदार पुढे गेला, सॅल्यूट केला.

"हजेरी पुरी झाली," तो म्हणाला. "पण ही दानेची. त्याच्या बहिणीला द्या."

पाळकांनी शाल मार्थाबाईंना दिली. त्यांनी घेतली आणि मांडीवर ठेवून तिच्यावर हात ठेवून बसल्या.

प्रभुभोजनाआधी आमच्यात सलामाची चाल आहे. ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्याजवळ जायचं, हातात हात घ्यायचा आणि सलाम म्हणायचं, मगच भोजन. प्रत्यक्षात ज्याच्याशी काही भांडण नाही त्यालाच सगळे सलाम करतात, ते सोपं पडतं. मी त्या दिवशी भास्कररावांना केला. शेजारी बसलेल्या माणसाला करायला हवा होता, केला नाही. तो तोवर उठलेलाच होता. मधली वाट ओलांडून तो बायकांच्या बाजूला गेला, पहिल्या बाकापुढे पाय जुळवून उभा राहिला आणि दोन्ही हात पुढे केले.

"सलाम, मार्था."

मार्थाबाईंनी वर पाहिलं. आवाज चढवला नाही, तरी सगळ्यांना ऐकू गेला.

"नाव लावलंस, ते बरं केलंस. माझ्या घरात पन्नास वर्षं बसून जेवलास, एलिशा. माझ्या आईच्या हातचं पण जेवलास. सलाम माझ्याकडे मागू नको."

"होय, मार्था," तो म्हणाला. विळीवर बसून म्हणायचा तसंच म्हणाला. हात खाली घेतले आणि परत येऊन माझ्या शेजारी बसला.

ताटली आली. त्याने ती दोन्ही हातांनी धरली. मला वाटलं, आज तरी.

"घ्या ना, सुभेदार," मी हळूच म्हणालो. "आता काय राहिलंय?"

"दानेच्या पुढनं उचलली तेव्हा मी शेजारी बसलेलो," तो म्हणाला. "मी घेतलं आणि प्यालो. ते एकदा प्यालो तेवढं पुरे." आणि ताटली माझ्याकडे सरकवली.

मी घेतलं. न घेण्याइतका मी मोठा माणूस नाही.

उपासना संपायच्या जरा आधी तो बाहेर गेला. मी बाहेर आलो तेव्हा तो ओट्यावर वाकलेला होता, उशिरा आलेल्या त्या एका जोडापाशी. मार्थाबाईंच्या साध्या काळ्या चपला त्याने फिरवून तोंडं बाहेर, टाचा रेषेत अशा ठेवल्या आणि भिंतीला धरून उठला. त्या काखेत शाल घेऊन दारात आल्या. चपला पाहिल्या. तो बाजूला होईपर्यंत थांबल्या. मग पायाच्या अंगठ्याने एकेक चप्पल पुन्हा उलट फिरवली, चर्चकडे तोंड करून पाय घातले, आणि मग वळून उतारावरून निघून गेल्या.

"बरोबर हाय," सुभेदार म्हणाला, आणि त्यांच्या पायाने हललेल्या शेजारच्या चपला सरळ करायला वाकला.